पत्र्यांचा कोट घरी करताना: आतून बाहेर, ह्याच क्रमाने

चिलखत करायला घेणारे बहुतेक जण सुरुवात पत्र्यापासून करतात आणि तिथेच गाडी चुकते. पत्रा आणला, टी-शर्टवर मापं घेतली, कापलं, रिव्हेट मारले, आणि सगळं झाल्यावर आतला जाड गॅम्बेसन (चिलखताखाली घालायचा थरांचा अंगरखा) घालून बघितलं तर कोट पाठीवर बंदच होत नाही. माझ्या पहिल्या कोटाचं नेमकं हेच झालं, पाठीवर चार बोटं फट राहिली आणि शे-दीडशे रिव्हेट एकेक करून कापून काढावे लागले. इथे स्वीडनमध्ये गेली काही वर्षं नव्या लोकांना मदत करतोय, त्यात दर उन्हाळ्याच्या तोंडावर कोणीतरी हीच फट घेऊन येतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

लेख आहे कोट ऑफ प्लेट्सबद्दल, म्हणजे जाड कापडाच्या किंवा चामड्याच्या आतल्या बाजूने लोखंडी पत्र्यांचे तुकडे रिव्हेटने जोडलेला चौदाव्या शतकातला कोट. स्वीडनच्या गोटलंड बेटावर विस्बी शहराजवळ १३६१ साली लढाई झाली, त्यात मेलेल्यांना अंगावरच्या चिलखतासकट पुरलं होतं, तिथल्या उत्खननात असे कोट सापडले आणि आज रीएनॅक्टमेंटवाले, म्हणजे जुन्या काळच्या लढाया तशाच पोशाखात पुन्हा उभ्या करणारे हौशी लोक, जे कोट करतात ते बरेचसे त्यावरूनच करतात. पहिलं चिलखत म्हणून हा सगळ्यात सोपा, कारण भट्टी लागत नाही, मोठी ऐरण लागत नाही, आणि एखादा तुकडा चुकला तर तेवढाच बदलता येतो. कड्यांचं चिलखत करायचं म्हटलं तर हजारो कड्या ओवत बसावं लागतं, त्यात वर्ष जातं.

सुरू करण्याआधी: कुठे लढणार ते ठरवा

हे न ठरवता पत्रा विकत घेऊ नका. तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि तिघांची गरज वेगळी आहे. एक, रीएनॅक्टमेंटची लढाई, बोथट स्टीलची हत्यारं, वार आवरून मारायचे, बऱ्याच ग्रुपमध्ये डोक्यावर आणि तोंडावर वार बंद. दोन, एससीए (सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम), ही १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली मध्ययुगाच्या हौशी लोकांची संस्था, तिथे स्टीलऐवजी वेताची तलवार असते पण वार जोरात बसतो, म्हणून हेल्मेटला कमीत कमी १६ गेज, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाड पत्रा लागतो. तीन, बुहुर्ट, म्हणजे पूर्ण ताकदीने स्टीलने मारामारी, पाडापाडी, सगळंच. मी खाली जे सांगतोय ते पहिल्या प्रकारासाठी आहे. बुहुर्टला हा कोट घालून जाऊ नका, त्याचे पत्रे, त्याचं पॅडिंग, सगळा हिशोब निराळा असतो.

ज्या ग्रुपबरोबर उतरणार त्यांची लेखी नियमावली मागून घ्या आणि दोन गोष्टी विचारा: कुठल्या वर्षांचा काळ दाखवायचाय, आणि कुठल्या सापडलेल्या नमुन्यावरून कोट केला तर चालेल. बऱ्याच ठिकाणी दारातच तपासणी होते, मशीनवरची रंगीत शिलाई किंवा चकचकीत स्टेनलेस बघून आत सोडत नाहीत. तोंडी "हो हो चालेल" वर विसंबून काम करू नका.

टप्पा १: गॅम्बेसन

गॅम्बेसन म्हणजे आत घालायचा थरांचा जाड अंगरखा. पत्रा धार अडवतो, मार झेलतो तो गॅम्बेसन, त्यामुळे हा आधी झाला पाहिजे, पूर्ण झाला पाहिजे, "नंतर बटणं लावू" असं नाही, कारण पुढची प्रत्येक मापं ह्याच्यावरून घ्यायची आहेत.

कापड लिनन किंवा जाड मांजरपाट. आत कापसाचे थर किंवा जुनी लोकरीची ब्लँकेटं, घोंगडी मिळाली तर उत्तमच. पॉलिएस्टरची भरण घेऊ नका, स्वस्त असते पण घाम शोषत नाही आणि दहा मिनिटांत आत भट्टी होते. जाडीचाही मोह आवरा. हा गॅम्बेसन पत्र्याच्या आत जाणार आहे, दाबल्यावर एक सेंटिमीटरच्या आसपास भरला तर पुरे. एकटाच वापरायचा गॅम्बेसन ह्याच्या दुप्पट जाड असतो, तो आणि हा वेगळा.

क्रम असा:

१. कापड गरम पाण्यात धुऊन घ्या. लिनन आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर सगळं वाया.

२. मापापेक्षा मोठे चौकोनी तुकडे घ्या, वरचं कापड, भरण, अस्तर असे थर लावा, हाताने कच्चे टाके घालून थर पक्के करा.

३. आता उभे धावदोरे घाला, ४ ते ५ सेंटिमीटर अंतरावर, गोधडीला घालतो तसे.

४. हे झाल्यानंतर त्यावर पॅटर्न ठेवून कापा.

तिसऱ्या आणि चौथ्याची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आधी मापात कापून मग धावदोरे घातले की प्रत्येक धाग्याबरोबर कापड आत ओढलं जातं आणि छातीवर सरळ दहा टक्क्यांच्या आसपास कमी पडतं. आधी शिवा, मग कापा.

काखेकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. शर्टासारखं मोठं, खाली उतरलेलं आर्महोल ठेवलं तर हात वर केला की अख्खा अंगरखा वर चढतो, आणि त्याच्यावर सात-आठ किलोचा कोट असला तर हात वर जातच नाही. आर्महोल लहान आणि काखेच्या अगदी जवळ ठेवा, आणि बाही काखेत ८-१० सेंटिमीटर न शिवता उघडी सोडा, हात मोकळा राहतो आणि वाराही लागतो. लांबी अर्ध्या मांडीपर्यंत, पुढेमागे चीर, नाहीतर पाय टाकता येत नाही.

तपासा: गॅम्बेसन पूर्ण बंद करून दोन्ही हात सरळ वर. खालची कड दोन-तीन बोटांपेक्षा जास्त वर गेली तर काख परत उसवा. खुर्चीत बसा, वाका, खोल श्वास घ्या. इथे त्रास होत असेल तर पत्रा चढल्यावर तो वाढणारच आहे.

टप्पा २: पुठ्ठ्याचा कोट

अख्खा कोट आधी पुठ्ठ्यात करायचा. एखाददुसरा तुकडा नाही, अख्खा. लोक हा टप्पा कंटाळून टाळतात आणि मग महागडा पत्रा कापून शिकतात.

पुठ्ठा साधा जाड घ्या. खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, तो एकाच दिशेने नीट वाकतो आणि खोटं माप देतो. ज्या नमुन्यावरून कोट करताय त्यातल्या तुकड्यांची मांडणी त्या नमुन्याची ठेवा, आकार मात्र तुमच्या अंगाचा. गॅम्बेसन घालून उभे राहा, कमरेला दोरी बांधा, आणि दुसऱ्या माणसाला माप घ्यायला सांगा. स्वतःच खाली बघून माप घेतलं की पाठ वाकते आणि पुढचा भाग आखूड होतो.

एका तुकड्यावर दुसरा २ सेंटिमीटरच्या आसपास चढला पाहिजे, जिथे अंग वाकतं तिथे, म्हणजे पोटाच्या भागात, जरा जास्त. तुकडे चिकटपट्टीने जोडा आणि घालून ह्या चार गोष्टी करा:

खुर्चीत बसा. खालचा पट्टा मांडीवर आपटून अख्खा कोट गळ्यापर्यंत वर ढकलला गेला तर खालून कमी करा.

दोन्ही हात पुढे घेऊन एकमेकांवर आणा, ढालीमागे उभे राहतो तसे. छातीवरचे बाजूचे तुकडे दंडाला टोचले तर त्यांना काखेकडे आत कोर द्या. पहिल्या कोटात जवळपास प्रत्येक जण छाती रुंद ठेवतो, त्याला वाटतं जास्त झाकलं जाईल, पण मग तलवार फिरवता येत नाही.

जिना चढून-उतरून या आणि धाप लागलेली असताना बघा बरगड्यांना जागा आहे का.

चौथी, आरशात पाठ बघा किंवा कोणाला फोटो काढायला सांगा, मागच्या बाजूने किडनीचा भाग झाकलेला हवा, तिथे उघडं ठेवायचं नाही.

सगळं जमलं की प्रत्येक तुकड्यावर तीन खुणा करा: नंबर, वरची दिशा दाखवणारा बाण, आणि अंगाकडची बाजू कुठली. डावे-उजवे तुकडे दिसायला सारखे असतात, कापल्यावर ढिगातून ओळखता येत नाहीत.

टप्पा ३: पत्रा कापणं, घासणं, भोकं

आवरलेल्या वारांसाठी दीड मिलिमीटरचा साधा माइल्ड स्टील पत्रा चांगला. वजनाचा हिशोब आधीच करा: दीड मिलिमीटर पत्र्याचं वजन एका चौरस मीटरला पावणेबारा किलोच्या आसपास भरतं, १.२ मिलिमीटरचं साडेनऊ किलोच्या आसपास. धड झाकायला, एकमेकांवर चढणारा भाग धरून, साधारण ०.६ ते ०.७ चौरस मीटर पत्रा जातो. म्हणजे दीड मिलिमीटरमध्ये सात-आठ किलो झाले, शिवाय कापड आणि बक्कलं वेगळी. "जाड घेतला तर जास्त सेफ" म्हणून दोन मिलिमीटर घेणारे बघितलेत, अर्ध्या तासात त्यांचे पाय जड होतात, आणि दमलेला माणूस स्वतःलाही सांभाळत नाही आणि समोरच्यालाही.

इशारा: जस्त चढवलेला पत्रा, म्हणजे घरावर घालतात तो चकचकीत, आणू नका. पुढे टप्पा ५ मध्ये पत्रा तापवायचा आहे, आणि हा तापवला की जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की माणूस तापाने आडवा होतो.

पुठ्ठे पत्र्यावर ठेवून मार्करने आखा, जिगसॉने किंवा पत्र्याच्या मोठ्या कात्रीने कापा. पत्रा उचलताना जाड हातमोजे हवेत, पण ड्रिलवर काम करताना मोजे काढा, फिरणाऱ्या ड्रिलमध्ये मोजा अडकला तर बोटासकट ओढतो. डोळ्यांना चष्मा सतत. आणि भोक पाडताना तुकडा कधीही हातात धरू नका, पातळ पत्रा ड्रिल बाहेर पडताना एकदम पकडला जातो आणि पंख्यासारखा फिरतो. लाकडावर ठेवून क्लॅम्प लावा, आधी सेंटर पंचने खूण ठोका, मग भोक.

कोपरे सगळे गोल करायचे. कडा दोन्ही बाजूंनी कानस मारून मग पॉलिश पेपरने गुळगुळीत. किती घासायचं ह्याची माझी परीक्षा अशी: जुना नायलॉनचा पायमोजा हातावर चढवून कडेवरून फिरवायचा, एक जरी धागा अडकला तरी तिथे परत कानस. कंटाळवाणं काम आहे आणि मी सत्तावीस तुकड्यांना दोन रविवार घालवले, पण हीच कड आतून तुमचा गॅम्बेसन कुरतडते, आणि कोणी अंगावर पडला तर त्याच्या हातात घुसते.

टप्पा ४: बाक देणं

सपाट पत्रा अंगाला बसत नाही, आणि सपाट पत्र्यावर वार पूर्ण बसतो, गोलाईवर तो निसटतो. पोटाचे आडवे पट्टे एखाद्या जाड पाइपवर किंवा ओंडक्यावर ठेवून हाताने दाबून वाकवा, हातोडी शक्यतो लाकडाची किंवा रबराची. छातीच्या तुकड्यांना दोन्ही दिशांनी हलकी खोली हवी असेल तर लाकडाच्या ओंडक्यात उथळ खळगा कोरा आणि त्यात ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने ठोका, कडेकडून सुरू करून मधे या. एका जागी जोरात चार घाव घालू नका, पोचा येतो. सगळीकडे हलके शंभर घाव घाला.

बाक दिल्यावर प्रत्येक तुकडा गॅम्बेसनवर धरून बघायचाच. तो आपणहून टेकला पाहिजे, हाताने दाबून बसवायला लागला तर अजून बाक हवा.

टप्पा ५: गंज आधी अडवा, रिव्हेट नंतर

हा क्रम उलटा झाला की त्यावर इलाज नाही. रिव्हेट मारल्यावर पत्रा आणि कापड ह्यांच्या मधे हात जात नाही, आणि घाम नेमका तिथेच साचतो. पहिल्याच मोसमात कापडावर तांबडे डाग येतात.

तुकडे साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, मग पातळ जवसाचं तेल लावून तापवा, तपकिरी-काळा थर धरतो. पाच-सहा वेळा पातळ हात, एकदाच जाड नाही, जाड थर चिकट राहतो. बाहेर मोकळ्या हवेत करा, धूर खूप होतो.

इशारा: जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. अंगणात दगडावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

टप्पा ६: कापड आणि रिव्हेट

बाहेरचं कापड जाड लिनन कॅनव्हासचे दोन थर, किंवा एका थरावर लोकरीचं कापड, किंवा चामडं. पुठ्ठ्याचा जो कोट तयार आहे त्याच्यापेक्षा कापड सगळीकडून थोडं मोठं कापा, कारण ते गोलाईच्या बाहेरच्या बाजूने जाणार, त्याला लांबी जास्त लागते. टेबलावर सपाट पसरून रिव्हेट मारलेला कोट अंगावर घातला की कापड ताणून टर्रकन फाटायला येतं. रिव्हेट मारताना तुकडा आणि कापड गोलाईतच धरा.

कापडाला भोक कापून पाडू नका, चांभाराच्या टोकदार आरीने धागे बाजूला सारून पाडा, म्हणजे ते उसवत नाही.

आणि पहिल्याच फटक्यात रिव्हेट नाही. आधी प्रत्येक तुकडा दोन छोट्या नट-बोल्टवर अडकवा, मधल्या तुकड्यापासून सुरू करून दोन्ही बाजूंना जा, एका टोकापासून निघालात तर कापड सरकत सरकत शेवटी तिरकं होतं. असा बोल्टवरचा कोट गॅम्बेसनवर चढवून बसा, हात फिरवा, पुठ्ठ्याच्या वेळच्या चारही गोष्टी परत करा. ही शेवटची संधी, इथे बदल करायला पाच मिनिटं लागतात, रिव्हेटनंतर पूर्ण संध्याकाळ.

आता एकेक बोल्ट काढून रिव्हेट. डोकं बाहेर, कापडाच्या बाजूला, ते खाली जड लोखंडावर टेकवा. आतल्या बाजूने वॉशर घाला, आणि रिव्हेटचं शेपूट रिव्हेटच्याच जाडीइतकं किंवा किंचित जास्त ठेवून बाकी कापून टाका. शेपूट लांब ठेवलं की ठोकताना ते वाकून आडवं पडतं, धरतच नाही. हातोडीचे घाव हलके, गोल फिरवत, मशरूमसारखं डोकं तयार होईपर्यंत. आवाजावरून कळतं, सैल असेपर्यंत खडखड वाजतं आणि बसलं की ठणठणीत एकच आवाज येतो. शेवटी आतल्या सगळ्या डोक्यांवरून परत तो पायमोजा फिरवा.

टप्पा ७: पट्टे आणि बक्कलं

कोट पाठीवर बंद होणारा असेल तर एकट्याने घालता येणार नाही, हे आधीच मान्य करा आणि जोडीदार ठरवा. पट्ट्यांना भोकं नेहमीपेक्षा दोन-तीन जास्त पाडा, उन्हाळ्यात आणि जेवणानंतर माप बदलतं. बक्कल नुसतं कापडाला शिवू नका, पत्र्यापर्यंत रिव्हेट करा, नाहीतर ओढाताणीत कापडासकट निघून येतं.

सगळं वजन खांद्यावर येऊ देऊ नका. कोटावरून कमरेला पट्टा घट्ट बांधला की बरंच वजन कंबरेच्या हाडावर जातं, खांदे मोकळे होतात.

जोडीदाराला घड्याळ लावून सांगा, कोट उघडायला किती वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात उघडला पाहिजे. गाठी मारलेल्या नाड्या ह्या कामाला नकोत.

हेल्मेटबद्दल थोडक्यात

पहिलं हेल्मेट घरी करू नका, विकत घ्या. जगभर विकली जाणारी बरीच हेल्मेटं भारतातच तयार होतात, पण शोभेची आणि लढायची एकाच दुकानात असतात, पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लेखी मागा, आणि शोभेसाठी आहे असं लिहिलेलं असेल तर सोडून द्या. डोक्याचं माप आतली जाड टोपी घालूनच द्यायचं, गॅम्बेसनचा नियम इथेही तोच. हनुवटीचा पट्टा लावून डोकं जोरात हलवा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागून येता कामा नये. आणि कोणाला तरी वरून तळहाताने थोपटायला सांगा, पत्रा थेट कवटीला कुठेच लागता कामा नये.

टप्पा ८: पहिल्यांदा घालून लढणं

घालायचा क्रम: आधी पाणी प्या आणि बाथरूमला जाऊन या. मग पायाचं सगळं, कारण कोट चढल्यावर वाकता येत नाही. मग गॅम्बेसन, कोट, कमरेचा पट्टा, हातांचं, टोपी, हेल्मेट आणि शेवटी हातमोजे. मोजे आधी घातले की बक्कल लावता येत नाही, हे प्रत्येक जण एकदा तरी करतो.

पहिल्या दिवशी वीस मिनिटांच्या वर घालू नका, आणि लढूही नका, नुसतं चाला, पडा, उठा. पडून स्वतःचं स्वतः उठता आलंच पाहिजे. दुसऱ्यांदा हलक्या हाताने एक जोडीदार, वार मोजून. मग काढून अंगावर बघा, लाल वळ जिथे आहेत तिथे पत्रा चुकीचा बसतोय, त्याच तुकड्याचे रिव्हेट काढून दुरुस्त करा. सहन होतंय म्हणून तसंच वापरत राहू नका.

उष्णतेला फार गंभीरपणे घ्या. आपल्याला वाटतं आपण महाराष्ट्रातल्या उन्हात वाढलोय, स्वीडनचा ऑगस्ट काय करणार. पण विस्बीच्या मध्ययुगीन सप्ताहात, बावीस-तेवीस डिग्रीत, मी एका धडधाकट मुलाला रांगेत उभ्या उभ्या भलतंच बोलताना बघितलंय. बोलणं तुटक झालं, पाय लटपटले, माणूस चिडचिडा किंवा एकदम गप्प झाला, की विचारत बसू नका, लढाई थांबवा, आधी हेल्मेट काढा, मग कोट आणि गॅम्बेसन, सावलीत न्या, मानेवर, काखेत पाणी ओता. भ्रमिष्टासारखा बोलत असेल तर लगेच ११२ ला फोन, थोड्या वेळाने बरं वाटेल म्हणून थांबू नका. आम्ही त्याचा कोट उघडू शकलो कारण बक्कलं होती, त्याच्या शेजारच्याच्या कोटाला ओल्या चामड्याच्या गाठी होत्या आणि त्या सुरीने कापायला लागल्या असत्या.

लढाईनंतर, त्याच दिवशी

गॅम्बेसन उलटा करून वाऱ्यावर टांगा, बॅगेत कोंबू नका, एका रात्रीत बुरशीचा वास धरतो आणि तो जात नाही. कोट आतून कोरड्या फडक्याने पुसा, घामाची जागा म्हणजे छातीचा मधला भाग आणि कंबर, तिथे तेलाचं बोट फिरवा. प्रत्येक रिव्हेट अंगठ्याने दाबून हलतोय का बघा, हलत असेल त्याला खडूने खूण करा आणि पुढच्या वेळेआधी बदला. बरोबर एका डब्यात दहा-बारा रिव्हेट, वॉशर, एक छोटी हातोडी, आरी आणि जाड दोरा ठेवा, मैदानावर ह्यातलं काहीतरी लागतंच, आणि बहुतेक वेळा ते शेजारच्याला लागतं.